डेंग्यूतला शॉक: या चुका टाळा

"काल रात्रीपासून ताप नाही, आता घरी सोडा ना." डेंग्यूच्या वॉर्डात चौथ्या-पाचव्या दिवशी हे ऐकू येतंच. पेशंट बोलतोय, वरचं बीपी 100, सगळे खूश. हात धरून बघा: तळवा गार, नाडी बारीक आणि धावती. बीपी पूर्ण वाचलं तर 100/84, म्हणजे दोन आकड्यांत फरक फक्त 16. एरवी तो 40 च्या आसपास असतो. डेंग्यूत तो 20 किंवा त्याखाली गेला की शॉक समजायचा, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं झालंय, वरचा आकडा कितीही चांगला दिसो.

ताप उतरतो त्याच सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसात, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून पोटात आणि छातीत साचायला लागतं. हातापायांच्या नसा आवळून शरीर बीपी सांभाळत राहतं. त्यामुळे बीपी पडतं ते अगदी शेवटी, आणि मग धाडकन. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, सुस्ती, कमी लघवी, यातलं काहीही असेल तर घरी सोडू नका.

दुसरी चूक प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींची. "पेशी किती झाल्या?" हाच प्रश्न, त्यातही लोक त्यांना पांढऱ्या पेशी म्हणतात, त्या वेगळ्याच! रक्तस्राव नसताना केवळ आकड्यासाठी पिशव्या चढवून शॉक टळत नाही. बघायचा तो हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के. 38 चा 46 झाला, म्हणजे रक्त दाट होतंय.

सलाईनचे घोळ दोन. आधी हात आखडता, नंतर थांबायचं भान नाही. मोठ्या माणसाला शॉक आहे पण बीपी टिकून असेल तर पहिल्या तासात किलोमागे 5 ते 10 मिली. कोसळलं असेल तर 20 मिली, पंधरा मिनिटांत. पन्नास किलोच्या माणसाला तो अख्खा लिटर झाला. नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट; डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, नको. नाडी आणि लघवी सुधारली की वेग उतरवत न्यायचा. 24 ते 48 तासांनी झिरपलेलं पाणी परत नसांत येतं. तेव्हाही बाटल्या चालूच राहिल्या तर शॉकमधून वाचलेला पेशंट धापा टाकायला लागतो.

तापासाठी पॅरासिटामॉलच. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन रक्तस्रावाला आमंत्रण.

आणि हिमॅटोक्रिट उतरला म्हणून लगेच हुश्श करू नका. नाडी धावतेच आहे, हात गारच आहेत, तर आत कुठेतरी रक्तस्राव होत असणार. तिथे आणखी सलाईन नाही, रक्त लागतं.