मुलाखतींचा संग्रह सांभाळताना या चुका टाळा

गिरणगावातला निवृत्त कामगार १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाबद्दल दीड तास बोलतो. त्याच संध्याकाळी उत्साही कार्यकर्ता फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, ‘बॅकअप झाला’ म्हणतो आणि फोनमधली फाइल उडवतो. बहुतेक संग्रह इथेच बुडतात. ऑडिओ म्हणून पाठवलेल्या फाइलचं मूळ नाव जातं. नव्या नावात तारीख येते ती पाठवल्याची, मुलाखतीची नव्हे. एकाच दिवशी चार फाइली आल्या की आवाज कुणाचा हे सांगणारं माणूस शोधत चाळीत फिरा! त्यातून सुरुवातीला नाव, तारीख, ठिकाण बोलून घेतलेलं नसेल, तर काम संपलंच.

म्हणून रेकॉर्डरच्या कार्डातली मूळ फाइल कार्ड रीडरने थेट संगणकावर घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी फाइल, ताशी साधारण १ जीबी होते. जागेची कुरकुर नको, हार्ड डिस्क घ्या. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. प्रती सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वाजवून बघितल्याशिवाय कार्ड पुसू नका. ऐकायला द्यायची एमपीथ्री वेगळी काढा. फाइलचं नाव रोमन अक्षरांत, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

दुसरी खोड परवानगीची. सुरुवातीलाच कागदावर सही घेतली की सगळं मोकळं, असा समज आहे. पण संप मोडून कामावर कोण गेलं, हे नाव बोलण्याच्या ओघात येतं आणि त्याचं कुटुंब आजही शेजारच्या खोलीत राहतं. सही करताना हे कुणाच्या डोक्यात असतं? मुलाखत संपल्यावर पुन्हा विचारा: नाव द्यायचं का, कुठला भाग झाकायचा, कधीपर्यंत. उत्तरं रेकॉर्ड करा. झाकायचा भाग मूळ फाइलमधून कापू नका, प्रसारणाच्या प्रतीतून काढा. तीस सेकंदांची चटपटीत क्लिप काढायची घाई झालेल्यांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांना पोस्टर बनवायला द्या.

पंखा बंद करा, फोन फ्लाइट मोडवर ठेवा. खरखर काढणारं फिल्टर मूळ फाइलवर कधीच चालवू नका. लिप्यंतरात ‘साचेखातं’ पुसून ‘विणकाम विभाग’ लिहू नका. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे. वेव्ह एक्स्पोर्ट करूनच पुढे द्या.