मुंबईचा वय-लिंग तक्ता कसा वाचावा

२०११ च्या जनगणनेतला सी-१४ तक्ता घ्या. त्यात पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात. मुंबईचे जिल्हे दोन. शहरात दर हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया, उपनगरात ८६०. या दोन आकड्यांची सरासरी काढू नका, चूक होते: उपनगराची लोकसंख्या शहराच्या तिप्पट आहे. आधी दोन्हीकडचे पुरुष, मग स्त्रिया यांची बेरीज करा, मगच भागाकार.

०–६ वयोगट सी-१४ मधून निघत नाही, त्यासाठी एकेका वर्षाच्या वयाचे आकडे देणारा सी-१३ तक्ता घ्या. पण तिथे ३०, ४०, ५० वर आकडे फुगलेले दिसतील, कारण अनेकजण वय अंदाजाने, शून्याने संपणाऱ्या ठोकळ आकड्यात सांगतात. म्हणून प्रौढांसाठी गटच बरे. ‘वय न सांगितलेले’ ही ओळ गाळली की एकूण बेरीज जुळत नाही.