लाकडी सांगाड्याच्या जुन्या कोठाराचे जतन आणि नवा वापर

लाकडी सांगाड्याच्या जुन्या कोठारात भिंत हा बहुधा नुसता आडोसा असतो. छपराचा भार खांब, तुळया आणि तिरपे आधार वाहतात, आणि हे सारे एका लाकडाचे कूस, म्हणजे टोकाशी कोरून ठेवलेला अरुंद भाग, दुसऱ्याच्या खाचेत बसवून, त्यातून लाकडी खुंटी ठोकून जोडलेले असते. निगा राखली तर अशी रचना किती टिकते हे पाहायचे असल्यास इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील क्रेसिंग टेंपलची दोन कोठारे पाहावीत. ती तेराव्या शतकातील आहेत.

आराखडा काढण्यापूर्वी सांगाडा नीट तपासावा. सांध्यांजवळ सुतारांनी कोरलेल्या जुळणीच्या खुणा नोंदवून ठेवाव्यात, कारण लाकूड घासून चकचकीत करण्याच्या उत्साहात आधी त्याच नाहीशा होतात. रिकामी खाच दिसली, तर तिथला आधार कोणीतरी काढला असावा किंवा ते लाकूडच दुसऱ्या इमारतीतून आले असावे. पहिली शक्यता खरी ठरली, तर खांब का झुकला याचे उत्तर अनेकदा तिथेच मिळते.

पहिला खर्च छप्पर आणि पन्हळींवर करावा. लाकडातील ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला, तर बुरशी सहसा धरत नाही. आधी कुजतात ती जमिनीलगतची तुळई आणि खांबांचे पाय, म्हणून भोवती साचलेली माती हटवावी आणि ओल कोंडून ठेवणारा सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करावा. कुजलेला तेवढाच भाग कापून, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा लांब तिरकस जोडाने बसवावा. मात्र चौकट टेकूंवर घेतल्याशिवाय एकही खुंटी काढू नये.

सभागृह, कार्यशाळा किंवा वाचनालय अशा जागेला मानवते. घर करणे सर्वांत अवघड, कारण खोल्या पाडल्या की आतली उंच मोकळी पोकळी संपते. खोल्या हव्याच असतील, तर त्या सांगाड्याला न जोडता आत स्वतंत्रपणे उभ्या कराव्यात. डोक्याला लागते म्हणून आडवी तुळई कापण्याचा मोह अनेकांना होतो, पण छपराचा बाहेर ढकलणारा रेटा तीच धरून ठेवते. उष्णतारोधक थर शक्यतो सांगाड्याच्या बाहेरून द्यावा, म्हणजे लाकूड आतून दिसते आणि कोरडेही राहते. प्रकाशासाठी भिंतीत नव्या खिडक्या फोडण्याऐवजी मळणीच्या मोठ्या दारांना काचा बसवाव्यात. वटवाघळे किंवा घुबडे राहत असल्यास त्यांची पाहणी आणि लागणारी परवानगी काम सुरू होण्याआधीच उरकावी, कारण त्यांच्या विणीच्या काळात छपराला हात लावता येत नाही.