गोठ्याला टेकलेली उडवी आधी हलवा : वणव्याच्या हंगामासाठी सल्ला

काटेसावर फुलली. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, गवत पिवळं होऊन आता पांढुरकं पडायला लागलंय, ऐन-किंजळीची पानं गळताहेत. म्हणजे कोकणात वणव्याचे दिवस सुरू झाले. ते मे अखेरपर्यंत, चांगला वळीव लागेस्तोवर संपत नाहीत. मोहोराच्या फवारणीचं वेळापत्रक तुम्हाला कुठेही मिळेल. मी यंदाही गेल्या वर्षीचंच सांगणार आहे. गोठ्याच्या भिंतीला टेकवून रचलेली पेंढ्याची उडवी हलवा. शिमग्याची वाट न बघता याच आठवड्यात हलवा.

मी जळलेले गोठे पाहिलेत. त्यातला एक डोक्यातून जात नाही. डोंगराची आग खाली उतरत होती. वाडीतले सगळे पुरुष हिरवे टहाळे घेऊन वरच्या दगडी गडग्यापाशी आग झोडपत होते, आणि त्यांनी आग अडवलीही. गडग्याच्या अलीकडे एक काडी पेटली नाही. पण काजूचं एक जळकं पान वाऱ्याबरोबर उठलं, त्यांच्या डोक्यावरून, कलमांवरून गेलं आणि थेट उडवीवर बसलं. उडवी गोठ्याला टेकलेली, गोठ्याचं छप्पर घराच्या पडवीला. वरून माणसं धावत येईपर्यंत गोठ्याचे वासे पेटले होते. आत दोन बैल आणि एक गाभण गाय. दावी नायलॉनची. नायलॉन तापलं की गाठ वितळून चिकटते, सुटत नाही. पुढचं लिहीत नाही.

वणवा म्हटलं की आपल्याला ज्वाळांची रांग दिसते, आणि ती थांबली की आपण सुस्कारा टाकतो. घरं जाळण्याचं बरंचसं काम मात्र उडता विस्तव करतो. ऑस्ट्रेलियात अशा आगींना बुशफायर म्हणतात. ७ फेब्रुवारी २००९ला व्हिक्टोरिया प्रांतात एका दिवसाच्या आगीत १७३ माणसं गेली, दोन हजारांहून जास्त घरं जळाली. तिथल्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं जळक्या घरांची पाहणी करून हेच सांगितलंय की बहुतेक घरांना ठिणगीने गाठलं. ठिणगी पन्हळीतल्या पाचोळ्यात, पायरीखाली, भिंतीशी रचलेल्या लाकडात पडली आणि घर तिथून पेटलं. आपल्याकडे निलगिरीची जंगलं नाहीत, पण पन्हळीत पातेरा आहे आणि भिंतीशी उडवी आहे.

तेव्हा आधी आपल्या जागेचा धोका मोजा. त्याला यंत्र लागत नाही. ऑस्ट्रेलियात नवीन घर बांधताना भोवतालच्या १०० मीटरपर्यंतची झाडी बघतात आणि तीन गोष्टी विचारतात: पेटण्यासारखं काय आहे, किती लांब आहे, जमिनीचा उतार कुठल्या बाजूला. तुम्ही घराच्या चारही बाजूंनी सव्वाशे-दीडशे पावलं चाला. नुसतं गवत असेल तर आग झपाट्याने येते आणि झपाट्याने विझते. करवंद, कुडा, रानमोडी माजलेली असेल तर ती रेंगाळते आणि जास्त तापते. आणि उतार सगळ्यात महत्त्वाचा. आग चढावर पळते. दर १० अंश चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे २० अंशांच्या चढावर चौपट. म्हणून ज्याच्या घराच्या खालच्या बाजूला गवताळ उतार आहे त्याने जास्त घाबरावं. आपली नजर वरच्या डोंगराकडे असते आणि आग खालच्या व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, येते. व्हाळाच्या तोंडाशी, घळीच्या डोक्यावर घर असेल तर ती घळ चुलीच्या धुराड्यासारखी ओढते हे धरून चाला. त्यातच दुपारचे खारे वारे समुद्राकडून सह्याद्रीकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी चढाकडेच वाहतात. दुपारी बारा ते चार ही वेळ सर्वांत वाईट.

मग अंतरं. भिंतीपासून ५ फुटांत पेटेल असं काहीच नको: पातेरा नको, पायपुसणं नको, केरसुणीसुद्धा नको. ३० फुटांपर्यंत गवत कापलेलं आणि कापलेलं उचललेलं. १०० फुटांपर्यंत विरळ, खालच्या फांद्या छाटलेल्या. सगळ्यांच्या अंगणात १०० फूट बसत नाहीत, मला ठाऊक आहे. पहिले ५ आणि पुढे ३०पर्यंतचे तरी सोडू नका.

उडवी या ३० फुटांच्या बाहेर. हा झाला मापाचा नियम. माझा आडाखा वेगळा आहे: ती उडवी पेटली तर गोठ्याच्या भिंतीला तळहात टेकवून उभं राहता येईल का, हा प्रश्न स्वतःला विचारा. मोठ्या उडवीला ३० फूटही कमीच. एक मोठी रचण्यापेक्षा तीन लहान रचा, तीन ठिकाणी. एक गेली तर दोन राहतील आणि जूनपर्यंत गुरं उपाशी मरणार नाहीत. वारा बहुतेक ज्या बाजूने येतो त्या बाजूला नको. वर निळी ताडपत्री घालून निर्धास्त होऊ नका, ठिणगीने तिला भोक पडतं आणि विस्तव थेट पेंढ्यात जातो. लोक म्हणतात, लांब ठेवली की भटकी गुरं ओढतात, संध्याकाळी वैरण आणायला पायपीट होते. खरं आहे. गुरांसाठी तारेची जाळी लावा. पायपिटीला माझ्याकडे औषध नाही. एका वेळी दोन दिवसांची वैरण गोठ्यात आणून ठेवा, त्याहून जास्त नको.

आणि दावी काथ्याची करा, एका झटक्यात सुटणाऱ्या गाठीची. गोठ्याच्या दाराशी, बाहेरच्या बाजूला, एक धारदार कोयती कायम टांगलेली असू दे. ती सरपणाला वापरायची नाही.

घराची बाकीची कामं, एका दिवसात उरकतात:

– कौलांच्या पन्हळीतला आणि कोनातला पातेरा काढणे, दर पंधरवड्याला
– सरकलेली, फुटलेली कौलं बसवणे
– छपराला टेकलेल्या फांद्या छाटणे
– पडवीतलं सरपण, झावळ्या, नारळाची सोडणं लांब नेणे
– रिकामे आंब्याचे खोके आणि आढीचा पेंढा घरात पसरून न ठेवणे
– डिझेल-पेट्रोलचे कॅन घर-गोठ्यापासून वेगळे
– लोंबकळणाऱ्या तारा, ठिणग्या टाकणारी डीपी: फोटो काढून लेखी अर्ज, पोच घेणे, १९१२ वर तक्रार

शेवटच्या ओळीतली पोच विसरू नका. तारेने बाग जळाली तर नंतर तोच कागद कामाला येतो.

आता तणनाशकाबद्दल. दरवर्षी दुकानातून कोणीतरी कॅन घेऊन येतो, ‘हे मारा, गवत संपलं, वणव्याची भीती संपली’ असं त्याला सांगितलेलं असतं. गवत संपत नाही, मरतं. मेलेलं गवत उभंच राहतं आणि जे एरवी उशिरा वाळलं असतं ते आधीच वाळतं. पैसे देऊन तुम्ही जळण तयार केलंत. मी अशा फवारलेल्या काजूच्या बागा शेजारच्या न फवारलेल्या बागांपेक्षा आधी पेटलेल्या पाहिल्यात. शिवाय ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर फक्त कीड नियंत्रण परवानाधारकांमार्फतच व्हावा अशी अधिसूचना केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. दुकानदार हे सांगत नाही. पॅराक्वाट या दुसऱ्या तणनाशकाच्या विषबाधेवर तर उताराच नाही, ते घरात आणूच नका. गवत ग्रासकटरने किंवा विळ्याने कापा आणि दाताळ्याने ओढून बाहेर काढा. ओढण्याचं काम टाळलं तर कापण्याला अर्थ नाही.

तीच गोष्ट आग विझवणाऱ्या चेंडूंची आणि ‘आगरोधक’ पावडरींची. बंद खोलीतल्या छोट्या आगीला त्यांचा उपयोग होत असेल, सड्यावरच्या वाऱ्यात नाही. तुमच्याकडे १६ लिटरचा पाठीवरचा पंप आहे. तो स्वच्छ धुवा, औषधाचा वास राहता कामा नये, आणि हंगामभर पाण्याने भरून दाराशी ठेवा. मी त्यात चिमूटभर कपड्यांची पावडर टाकतो. नुसतं पाणी पातेऱ्यावरून घरंगळतं, साबणाचं आत मुरतं.

बागेसाठी:

– गडग्याच्या दोन्ही बाजूंनी ३ ते ४ मीटरची जाळरेषा (गवत काढलेला मोकळा पट्टा), उताराच्या खालच्या अंगाला दुप्पट
– लहान कलमांच्या आळ्यातलं आच्छादन हद्दीकडच्या दोन ओळींतून काढणे, आतल्या ओळींत त्यावर माती
– ठिबकच्या नळ्या हद्दीपासून आत घेणे
– मांगराभोवती (बागेतल्या खोपटाभोवती) घरासारखंच ५ आणि ३० फूट
– सातबाऱ्यावर कलमांची नोंद, ई-पीक पाहणी पूर्ण

जाळरेषा गवत जाळून करणार असाल तर सकाळी दव असताना, चार माणसं आणि पाणी हाताशी ठेवून, शेजाऱ्याला सांगून करा. राखीव जंगल लागून असेल तर वनरक्षकाला आधी कळवा. तिथे आग लावणं किंवा पेटती सोडणं हा भारतीय वन अधिनियम १९२७च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्यालाही हेच. माझी परीक्षा अशी: मूठभर पातेरा हातात चुरडा. पान वाकलं तर त्या दिवशी भाजा. भुगा झाला तर काडेपेटी घरी ठेवा, पंचांगात मुहूर्त कितीही चांगला असो.

‘जाळलं की गवत चांगलं येतं’ हे अजून ऐकू येतं. येतं ते कुसळी. ती आगीला दाद देत नाही, गोड गवतं मरतात आणि तिचं फावतं. गुरांच्या तोंडात कुसळं टोचतात, ती खात नाहीत.

वाडीच्या सामाईक जागा कोणाच्याच नसतात, म्हणून तिथला पातेरा कोणीच काढत नाही. शाळेचं मागचं आवार, अंगणवाडीचं छप्पर, देवळाच्या सभामंडपावरची पन्हळ, स्मशानशेडमधलं लाकूड. ग्रामसभेत ठराव वगैरे होईल तेव्हा होईल. शिमग्याच्या आधी एका रविवारी वाडीने झाडू घेऊन निघावं. होळीची जागा ठरवतानाही वर फांद्या आणि वारा बघा, रात्री होळी सोडून जाताना पाणी मारा. आणि पाण्याची पाइपलाइन! झऱ्यावरून उतारावर उघडी टाकलेली प्लास्टिकची नळी वणव्यात पहिल्यांदा वितळते. म्हणजे आग आली त्याच तासाला वाडीचं पाणी बंद. ती एक फूट मातीत गाडा, निदान गवताच्या पट्ट्यात तरी. देवराईच्या कडेने गवत कापा, आतला पातेरा मात्र राहू द्या, ती तिची माती आहे.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून दिसलेल्या आगींच्या सूचना मोबाईलवर पाठवते, नोंदणी मोफत आहे. वाडीतल्या दोन तरुणांनी ती करावी. पण उपग्रह दिवसातून मोजक्या वेळा वरून जातो आणि त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा, त्यामुळे डोंगराकडे बघणाऱ्या म्हातारीचा भरवसा मला जास्त वाटतो. वन विभागाला कळवायला १९२६, इतर मदतीला ११२.

आग आलीच तर आधी गुरं सोडा. त्यांना नांगरलेल्या कुणग्यात (भाताच्या वाफ्यात) किंवा जळून काळ्या झालेल्या भागात हाका, डोंगराकडे कधीच नाही. माणसांनीही चढावर पळू नये. अंगात सुती कपडे, नायलॉनची साडी किंवा शर्ट नको. झोडपणारे कायम आगीच्या बगलेने जावेत, तोंडासमोर उभे राहू नयेत. उलटी आग, म्हणजे येणाऱ्या आगीसमोर आपणच दुसरी, लावण्याचा शहाणपणा वनरक्षक हजर असल्याशिवाय करू नये. पडलेल्या तारेजवळ पाणी मारू नका. आणि दोन माणसं, थकलेली, म्हातारी चालतील, वर न जाता खालीच राहू द्या. त्यांचं काम फक्त उडवी, पन्हळ आणि छप्पर यांच्यावर नजर ठेवणं. त्या दिवशी असं एक माणूस खाली असतं तर ते बैल वाचले असते.

विझल्यावर झोपायला जाऊ नका. जळके ओंडके, बुंध्यांची पोकळी, शेणाचा पो आतून दोन-दोन दिवस धुमसतात. पालथा हात जवळ नेऊन बघा, ऊब लागली की उकरा आणि पाणी ओता. रात्री एक फेरी बॅटरी बंद करून मारा, अंधारात निखारा लगेच दिसतो.

बाग पोळली असेल तर तलाठी आणि कृषी सहाय्यकांचा पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका, फोटो काढून ठेवा. त्याच आठवड्यात कोणीतरी ‘झाड उठवणारं’ टॉनिक विकायला येईल, त्याला चहा पाजून परत पाठवा. झाड मेलंय असं समजून लगेच करवत चालवू नका. साल सुटलेल्या भागावर १० टक्के बोर्डो मलम लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत. पोळलेल्या आंब्यावर भिरूड आणि काजूवर रोठा हे खोडकिडे हटकून येतात, म्हणून बुंध्याशी भुसा दिसतो का ते दर आठवड्याला बघा; दिसला तर पटाशीने साल काढून तारेच्या हुकाने अळी ओढा. मग मिरगाचा पाऊस पडू द्या. पालवी कुठून फुटते ते दिसेल. जिथवर फुटली त्याच्या वर कापायचं.