निरीक्षक येण्याआधी वही आणि कपाट जुळवून घ्या

सेफगार्ड्सची, म्हणजे अणुद्रव्याच्या हिशेबाची, तपासणी ही सुरक्षेची तपासणी समजणं, हा नव्या माणसाचा ठरलेला गोंधळ. अपघात होऊ नये, किरणोत्सर्गाचा डोस वाढू नये हे बघायला एईआरबीसारखा (अणुऊर्जा नियामक परिषद) देशातला नियामक आहे. आयएईएचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा, निरीक्षक मात्र एकाच गोष्टीसाठी येतो: जाहीर केलेलं अणुद्रव्य जाहीर केलेल्या जागी, तेवढंच आहे ना? मुंबईत हा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांसमोर ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र येतं. पण ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्या या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत. जवळची उदाहरणं म्हणजे तारापूर अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिट्स. हिशेबाची शिस्त मात्र कुठेही सारखीच, आणि संशोधन भट्टी किंवा लॅबमध्ये गाडी अडते ती बहुधा तिथेच.

म्हणून आधी स्वतःच मोजणी करा, निरीक्षकाच्या निदान दोन-तीन आठवडे आधी. मोजणीपुरती साठ्याची हालचाल बंद ठेवा. दोघांनी मिळून करा: एक जण वस्तूवरचा नंबर मोठ्याने वाचेल, दुसरा लिहील. वहीतली यादी हातात धरून कपाटाकडे जाऊ नका. यादी हातात असली की डोळ्यांना तेच दिसतं जे यादीत आहे. आधी कोरी नोंद, मग वहीशी ताळा.

ताळ्याचं गणित सोपं आहे. सुरुवातीचा साठा ४८१२.६ ग्रॅम युरेनियम, आवक ३५०.०, जावक १२०.४, वहीप्रमाणे उरायला हवं ५०४२.२. मोजून भरलं ५०४१.१. हा १.१ ग्रॅमचा फरक म्हणजे एमयूएफ, हिशेबात न लागलेलं द्रव्य. पावडर किंवा द्रावण हाताळणाऱ्या लॅबमध्ये थोडा एमयूएफ येतोच. दर वर्षी नेमका शून्य आला तर उलट निरीक्षकाच्या भुवया वर जातात. पण जिथे अखंड इंधन घटक मोजायचे असतात, तिथे तो शून्यच हवा. नसेल तर एखादी वस्तू मोजायची राहिली आहे किंवा दोनदा मोजली आहे.

सगळ्यात जुनी चूक ऑक्साइडची. वजनकाटा दाखवतो युरेनियम डायऑक्साइड, वहीत हवं युरेनियम. डायऑक्साइडचं वजन ०.८८१५ ने गुणा, यू३ओ८ असेल तर ०.८४८ ने. एक किलो यू३ओ८ ‘१००० ग्रॅम युरेनियम’ म्हणून चढवलं, तर १५२ ग्रॅम हवेतून आले! दुसरी चूक मुंबईच्या हवेची. युरेनिल नायट्रेट पावसाळ्यात ओल ओढतं आणि बाटली जड होते. ती डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, बूच घट्ट लावा, आणि युरेनियमचा आकडा एकूण वजनावरून नव्हे, विश्लेषणावरून घ्या. लेबलं शाईने लिहू नका. जुलैपर्यंत पुसट होतात. कोरलेला नंबर टिकतो.

मग विसरलेल्या वस्तू शोधा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवाल्यांच्या फ्रिजमधलं युरेनिल अ‍ॅसिटेट, कुणीतरी निवृत्त होताना मागे ठेवलेली थोरियम नायट्रेटची बरणी, रेडिओग्राफी कॅमेऱ्याच्या कवचातलं डिप्लीटेड (विखंडनक्षम भाग कमी झालेलं) युरेनियम. कवच म्हणजे ‘साधन’, द्रव्य नव्हे, असं वाटतं आणि ते वहीत येतच नाही.

भट्टीत जळलेल्या इंधनाची नोंद वेगळी. यू-२३५ (युरेनियमचा विखंडन होणारा प्रकार) जेवढं खर्ची पडलं ते अणुक्षय म्हणून वजा, जेवढं प्लुटोनियम तयार झालं ते उत्पादन म्हणून जमा. वापरलेल्या इंधनाच्या तलावावर निरीक्षक चेरेन्कोव्ह व्ह्यूइंग डिव्हाइस वापरतो. ते उपकरण पाण्यातल्या इंधनाभोवतीची अतिनील झळाळी टिपतं. दिवे चालू असतानाही ते चालू शकतं, पण गरज पडली तर वरचे दिवे मालवता आलेले बरे. आदल्या दिवशीच स्विच कुठला ते बघून ठेवा. पाणी गढूळ असेल किंवा पंपाने तरंग उठत असतील, तर चित्र फुटतं.

निरीक्षकांनी लावलेल्या सीलच्या बाबतीत हयगय नको. ट्रॉली घासली आणि सीलची तार तुटली, तर ती गाठ मारून जोडू नका, सील काढून टेबलावरही ठेवू नका. जसं आहे तसं राहू द्या, वेळ लिहा, फोटो घ्या, आणि त्याच दिवशी वरिष्ठांमार्फत कळवा. अपघात समजून घेतला जातो. गाठ मारलेल्या तारेचं स्पष्टीकरण देता देता मात्र पुरेवाट होते. निरीक्षकांच्या टेहळणी कॅमेऱ्यासमोर मचाण बांधणं किंवा त्याचा वीजपुरवठा दुरुस्तीसाठी बंद करणं, हेही आधी कळवूनच.

इमारतीत भिंत हलवली, नवा हॉट सेल (किरणोत्सारी वस्तू हाताळायची जाड भिंतींची बंद खोली) बसवला, तर डिझाइनची माहिती आधी सुधारून पाठवावी लागते. नकाशात नसलेलं दार निरीक्षकाला दिसलं, की उरलेला दिवस त्या दारातच जातो.

प्रत्यक्ष दिवशी: वजनकाट्याचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र आणि प्रमाणित वजनं काट्याशेजारी, मूळ पावत्या तारखेनुसार लावलेल्या, आणि साठ्याच्या किल्ल्या असलेला माणूस रजेवर नसलेला. निरीक्षकाची उपकरणं बाहेर पडण्याआधी दूषितता तपासायला हेल्थ फिजिक्सचा (किरणोत्सर्ग-सुरक्षेचा) माणूस गेटवर लागतो. त्यालाही वेळ आधी सांगून ठेवा.