कॉम्प्युटरचं कॅबिनेट घेताना आधी पुढची बाजू बघा

दुकानात रंगीत दिवे लावलेले पंखे फिरताना दिसले की नजर तिथेच अडकते. पण आधी बघायची ती कॅबिनेटची पुढची बाजू. तिथे सलग काच असेल तर आतल्या पंख्यांना हवा मिळते ती फक्त कडेच्या फटींतून. या फटी अगदीच चिंचोळ्या असतील तर कॅबिनेट कितीही देखणं असो, सोडून द्या. जाळीच्या तोंडाचं साधं कॅबिनेट आपल्या एप्रिल-मे महिन्यांत जास्त कामाला येतं. पुढे आणि बाजूला काच असलेली काही मॉडेल्स तळातून हवा ओढतात. तीही चालतात, फक्त सतरंजीवर ठेवू नका.

जाळी म्हटली की धूळ आलीच. म्हणून पुढचा आणि तळाचा फिल्टर स्क्रू न काढता निघतो का, हे दुकानातच काढून बघा. अडचणीचा असेल तर घरी कोणी धुणार नाही!

पंख्यांची मांडणी सोपी: पुढून हवा आत, मागून आणि वरून बाहेर. 140 मिमीचा पंखा कमी वेगात 120 मिमीच्या पंख्याइतकीच हवा देतो, त्यामुळे आवाज कमी. सोबत आलेल्या पंख्यांना चार पिनांचा कनेक्टर आहे का, तेही विचारा. असेल तर वेग जास्त नेमका आवरता येतो.

प्रोसेसर पंख्याने थंड ठेवणारा मोठा एअर कूलर साधारण 155 ते 165 मिमी उंच असतो; कॅबिनेटमध्ये तेवढी जागा आहे का बघा. त्याऐवजी वॉटर कूलिंगचा (पाण्याने प्रोसेसर थंड करण्याचा) 360 मिमीचा रेडिएटर, म्हणजे पाण्यातली उष्णता बाहेर टाकणारा भाग, वर बसवायचा असेल, तर तो आणि पंखे मिळून रॅमला टेकणार नाहीत ना, हे मोजूनच पैसे द्या.