इंग्लंडला येण्याआधी कानाची तयारी

रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ल्याकडून नर्सिंग करून इकडे यायच्या तयारीत असलेल्या मुलामुलींसाठी लिहितेय. स्वेटर किती आणि आमसुलं किती, ते घरचे सांगतीलच. मी ऐकण्याबद्दल सांगते.

ओईटी किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांत चांगले गुण असूनही वॉर्डात सुरुवातीला बोलणं डोक्यावरून जातं. तुमचं इंग्रजी कच्चं आहे असं अजिबात समजू नका. परीक्षेतल्या रेकॉर्डिंगमध्ये बरंच स्पष्ट बोलतात. ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देणारी सिस्टर घाईत असते आणि अक्षरं गाळते. पण वाटेल तिथे नाही, ठरावीक जागी.

सगळ्यात जास्त जातो तो दोन व्यंजनांमध्ये सापडलेला ट किंवा ड. 'लास्ट नाइट'चं 'लास नाइट', 'नेक्स्ट डोस'चं 'नेक्स डोस'. 'हँडबॅग'मधला ड जातो आणि पुढच्या ब मुळे न चा म होतो, म्हणून कानावर येतं 'हॅम्बॅग'. पुढे स्वर असला तर मात्र ट टिकतो आणि त्यालाच जाऊन चिकटतो: 'नेक्स्ट अवर' म्हणजे 'नेक्स्टावर'. भूतकाळाचा ट-ड सुद्धा असाच गळतो. 'वॉश्ट देम' ऐकायला 'वॉश देम'सारखंच लागतं. मग काम झालंय की व्हायचंय, हे मागच्यापुढच्या बोलण्यावरून ठरवायचं.

वाक्याच्या मध्ये आलेल्या 'ही', 'हिम', 'हर' यांचा ह जातो: 'टेल हिम'चं 'टेलिम', 'गिव हर'चं 'गिवर'. हे आपल्याला जड जायला नको. "गणपतीला येतोयस ना?" विचारताना 'येतो आहेस'मधला ह आपणही गाळतोच की!

आता नीट लक्ष द्या, कारण इथे पेशंटचा प्रश्न आहे. 'कॅन' आणि 'कान्ट' यांतला फरक शेवटच्या ट वर ओळखायला जाल तर फसाल, तो बऱ्याचदा ऐकूच येत नाही. स्वर ऐका. 'शी कन हॅव इट' असा आखूड, पुसट स्वर असेल तर चालेल. 'शी काऽन हॅव इट' असा लांब आणि ठसठशीत 'आ' आला तर द्यायचं नाही.

सवय घरूनच सुरू करा. इंग्लंडमधल्या लोकांच्या साध्या गप्पांचा दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा घ्या, जसा ऐकू येतो तसा देवनागरीत उतरवा, मग सबटायटलशी ताडून पाहा. नेमकं काय गळलं ते लगेच दिसतं. बातम्या यासाठी उपयोगाच्या नाहीत, फार स्वच्छ वाचतात.

स्वतः बोलताना अक्षरं गाळायची घाई नको. स्पष्ट ट म्हटला म्हणून इथे कोणी नावं ठेवत नाही. आणि औषध, मात्रा, वेळ यांबद्दल काहीही ऐकलं, विशेषतः फोनवर, की ते पूर्ण वाक्यात परत म्हणून दाखवा आणि समोरून 'येस' आल्यावरच लिहा.